अनुभव निवृत्त होतो तेव्हा

नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीची कथा महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून १९०४ ते १९०७ या काळात दोन फूट रुंदीचा हा लोहमार्ग उभा राहिला. ही माहिती कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत सापडते. पण उतारावर गाडीचा ब्रेक कितपत आवळायचा, पावसाळ्यात कोणत्या वळणावर माती आधी सुटते, रुळाखालची खडी कुठे वाहून जाते, ही माहिती कुठे सापडते? ती त्या मार्गावर काम करणाऱ्यांच्या हातापायांत असते. आणि ती माणसे निवृत्त झाली की त्यांच्याबरोबर घरी जाते.

मे २०१६ मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने गाडी दोनदा घसरली आणि वाहतूक बंद झाली. पुढे डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक आले. इतकी वर्षे शिटीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक फिरवणाऱ्या माणसांचे कसब त्यामुळे मागे पडले. २०१९ च्या पावसाने मार्ग उखडला, तो नेरळपासून पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. तसेच हातरिक्षांचे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, म्हणून माणसे माणसांना ओढत होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा असे बजावले आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचाही विचार करायला सांगितले. ही प्रथा संपायलाच हवी होती. मात्र लाल मातीचा कोणता रस्ता कोणत्या महिन्यात निसरडा होतो, आजारी माणसाला कोणत्या वाटेने कमी धक्के बसतात, हे त्या मंडळींइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? ई-रिक्षा चालवणाऱ्यालाही ते लागणारच आहे.

आपल्याकडे कामाच्या ठिकाणी ग्रंथालये नाहीत असे नाही. कामगार कल्याण केंद्रे, रेल्वे इन्स्टिट्यूट, बँकांची आणि सरकारी कचेऱ्यांची वाङ्मय मंडळे यांनी कादंबऱ्या आणि दिवाळी अंक घरोघर पोहोचवले. नियमांची पुस्तके आणि परिपत्रके वेगळ्या कपाटात असत. पण या दोन्ही कपाटांत जे येई ते बाहेरून किंवा वरून आलेले. खाली काम करणाऱ्याने स्वतः लिहिलेले पान ठेवायला तिसरे कपाट कधी नव्हतेच.

माझी नोकरी बँकेत गेली. बदली झाली की चार्ज देताना किल्ल्या, रोकड, रजिस्टरे सारे मोजून घेतले जाई. पण कोणता कर्जदार हप्ता चुकवतो तो अडचणीमुळे आणि कोणता सवयीमुळे, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसे. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजनेतून सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमधले एक लाखाहून अधिक कर्मचारी बाहेर पडले. त्यांना किती रक्कम द्यायची याचा हिशेब पैपर्यंत झाला. त्यांच्याबरोबर काय काय गेले, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

हे तिसरे कपाट आता फुकटात मिळते. त्याचे नाव विकी. अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने १९९५ मध्ये पहिली विकी उघडली. होनोलुलूच्या विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून त्याने हे नाव घेतले. हवाईच्या भाषेत त्याचा अर्थ झटपट. कल्पना साधी आहे. एक पान असते. ते वाचणारा त्यात भर घालू शकतो, चूक दुरुस्त करू शकतो. आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद कायम राहते. बँकेच्या माणसाला हा शेवटचा भाग विशेष पटावा. जुनी नोंद खोडली तरी ती मागे वाचता येते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून याच पद्धतीने वाढत आहे. ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर ती चालते, ते कोणत्याही कचेरीला स्वतःच्या चार भिंतींत मोफत वापरता येते.

कोणी म्हणेल, आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की! ग्रुपवर विचारले की पाच मिनिटांत उत्तर मिळते, हे खरे. पण तेच उत्तर पुढल्या पावसाळ्यात शोधायला गेले, तर ते शुभ सकाळ आणि वाढदिवसांच्या ढिगाखाली गेलेले असते. ग्रुप म्हणजे पारावरच्या गप्पा. त्यातले कामाचे निवडून पानावर मांडणारे कोणीतरी लागते.

मग अशी पाने भरत का नाहीत? झेरॉक्स कंपनीचा अनुभव बोलका आहे. यंत्रे दुरुस्त करणारे तिचे कारागीर छापील पुस्तकापेक्षा एकमेकांच्या किश्श्यांवरून अधिक शिकतात, असे तिच्या संशोधकांना आढळले. १९९०च्या दशकात फ्रान्सपासून सुरुवात करून या युक्त्या नोंदवणारी ‘युरेका’ नावाची व्यवस्था तिने उभारली. युक्ती कारागिराने सुचवायची, ती त्याच्याच तोलाच्या माणसांनी तपासायची आणि सुचवणाऱ्याच्या नावानिशी सर्वांपुढे ठेवायची. नाव लागते आणि तपासणारा आपल्यातलाच असतो, म्हणून माणसे लिहिती झाली.

आपल्या कचेऱ्यांची अडचण नेमकी इथे आहे. साहेबाच्या परवानगीशिवाय कागदावर काही उतरवले की उद्या तेच अंगाशी येईल, ही भीती. आपल्याला येते ते दुसऱ्याला शिकवले तर आपली किंमत उतरेल, ही दुसरी. आणि तिसरी, जी कोणी बोलून दाखवत नाही, ती इंग्रजीची. रुळांवर चाळीस वर्षे काढलेला माणूस मराठीत तासभर बोलेल, पण त्याच्यापुढे इंग्रजी फॉर्म ठेवला की म्हणेल, ‘काही विशेष नाही साहेब.’ त्याचे बोलणे ऐकून उतरवून घेणारा ग्रंथपाल अशा ठिकाणी पुस्तक देणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचा ठरेल. ग्राहकाचे खाते किंवा रुग्णाचा आजार अशा खाजगी गोष्टी पानावर येणार नाहीत, हे पाहणेही त्याचेच काम.

विश्वकोशाची जागा विकी घेणार नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या नोंदींमागे तज्ज्ञांचा अधिकार आहे, तो हवाच. पण माथेरानच्या घाटातल्या मातीचा तज्ज्ञ विद्यापीठात नाही. तो तिथल्या रुळांवर आणि वाटांवर आहे.

माथेरानच्या बाजारपेठेत नगरपालिकेचे करसनदास मुळजी यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. तिथे एक संगणक, मराठी लिहिता येणारे एक तरुण पोर आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एवढे मिळाले, तर सुरुवात होऊ शकते. निवृत्त गँगमन, घोडेवाले, हातरिक्षा ओढलेले, हॉटेलातले आचारी यांना बोलवावे, चहा द्यावा आणि विचारावे, ‘काका, पावसात तुम्ही काय करायचात?’ उत्तर त्यांच्या नावाने लिहावे. पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी येऊन म्हणेल, असे नव्हे, असे होते. तेही लिहावे. याला मोठा निधी लागत नाही; मात्र फार दिवस थांबूनही चालणार नाही, कारण ही मंडळी आता साठी-सत्तरीत आहेत.