अलिबागचा विनोद आणि विलायतेचा धडा

विनोदास संसारांतील मीठ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तें मीठ कोणाच्या पानांत पडतें आणि कोणाच्या जखमेवर, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. “मी काय अलिबागहून आलों आहें?” हें वाक्य आपणां सर्वांच्या तोंडीं इतकें रुळलें आहे कीं, अलिबागेस आपल्यासारखींच माणसें राहतात याचीहि आठवण बोलणारास उरत नाहीं. तेथील एका गृहस्थांस मात्र हें वाक्य बोंचलें. तें अलिबागकरांस मूर्ख ठरवितें, सबब त्यास बंदी व्हावी, असा अर्ज घेऊन ते मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेले. २०१९ च्या जुलै महिन्यांत न्यायालयानें तो फेटाळला. विनोद सर्वच समाजांवर होतात, ते मनास लावून न घेतां त्यांतील मौज घ्यावी, असा न्यायमूर्तींच्या सांगण्याचा आशय होता.

विनोदाचें नियमन कायद्यानें होऊं नये, हें आम्हांस मान्य आहे. पण अर्ज फेटाळला गेला म्हणून अर्जदाराचें दुःख खोटें ठरत नाहीं. अलिबागकर अडाणी, या समजुतीस आधार तरी कोणता? कान्होजी आंग्र्यांची समाधि याच गांवीं आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या धांवूं लागल्या तर कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ सालीं त्या कामासाठीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारली गेली. तिचें काम आजहि चालू आहे. जवळच्याच चरी गांवच्या शेतकऱ्यांनीं खोतीविरुद्ध १९३३ पासून सुमारें सहा वर्षें संप चालविला. असल्या मुलखास खुळ्यांचा गांव म्हणणें हें अज्ञान आहे, विनोद नव्हे.

या बाबतींत विलायतेंतील एक उदाहरण विचार करण्याजोगें आहे. तेथें २ नोव्हेंबर १९८२ रोजीं चॅनेल फोर ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली. स्वतः कार्यक्रम न करतां ते बाहेरच्या स्वतंत्र संस्थांकडून करवून घ्यावयाचे, अशी तिची रीत होती. त्या रीतीमुळें लहान लहान निर्मितिसंस्थांस वाव मिळाला. १९८६ सालीं निघालेली हॅट ट्रिक ही त्यांपैकींच एक. हास्यरस हाच तिचा मुख्य व्यवसाय. तिनें १९९५ सालीं ‘फादर टेड’ ही मालिका आणली. क्रॅगी आयलंड नांवाच्या एका कल्पित आयरिश बेटावर तीन विक्षिप्त धर्मोपदेशक राहतात आणि त्यांचा नित्य फजितवाडा होतो, एवढाच तिचा विषय.

आयरिश माणूस म्हणजे खुळा, अशी थट्टा इंग्रजांनीं पिढ्यान्‌पिढ्या केली होती. तेव्हां लंडनच्या संस्थेनें केलेल्या या मालिकेवर आयर्लंड रागावेल, असें कोणासहि वाटलें असतें. घडलें उलटच! २००७ सालीं इनिश मोर बेटावर या मालिकेच्या नांवानें उत्सव भरला. तेव्हां खरें क्रॅगी आयलंड आपलेंच, असा दावा शेजारच्या इनिश ओअरनें केला, आणि त्याचा निवाडा फुटबॉलच्या सामन्यानें झाला. एका गांवचा रहिवासी थट्टेविरुद्ध न्यायालयांत जातो, आणि दोन बेटें थट्टेच्या मानासाठीं भांडतात. हा फरक कशामुळें?

कारण उघड आहे. ती मालिका लिहिणारे दोघेहि आयरिश होते. त्यांनीं रंगविलेल्या माणसांस नांवें होतीं, स्वभाव होते, हौस होती, लबाडीहि होती. आपल्याकडील चिं. वि. जोशांचे चिमणराव असेच. जोशांनीं हंसें केलें तें आपल्याच पांढरपेशा घराचें. १९७० नंतरच्या दशकांत मुंबई दूरदर्शननें दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्याकरवीं चिमणराव–गुंड्याभाऊ घराघरांत आणले, तेव्हां पुण्याच्या ब्राह्मणांचा अपमान झाला, असें आपणांस वाटलें नाहीं. उलट हे तर आमचे काकाच, असें आपण कौतुकानें म्हणालों. अलिबागच्या वाक्यांत असा कोणीच माणूस नाहीं. तेथें केवळ एक गांव आहे, आणि त्याच्या माथीं मारलेला एक शिक्का.

यावर उपाय दोन आहेत. अष्टागराच्या तरुण मंडळींनीं आपल्या वाड्या, आपली बोली, धरमतरची खाडी आणि मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारे ऐटबाज मुंबईकर, हें सारें घेऊन स्वतःच हास्यप्रसंग लिहावे. हल्लीं तशा निर्मितीस फार मोठें भांडवल लागतें असें नाहीं. दुसरा उपाय आपल्या घरांतला. मुलांच्या तोंडीं हें वाक्य आलें तर त्यांस रागावूं नये. पंगतीस एखादा अलिबागकर पाहुणा बसला असतां तूं हेंच बोलशील काय, एवढें विचारावें. बोलशील, आणि तोहि हंसेल, अशी खात्री असेल तर खुशाल बोलावें. नसेल तर तें वाक्य पाहुणा नसतांनाहि गिळावें.