‘आश्वासक’ या शब्दाचे ओझे

माझी धाकटी बहीण बरीच वर्षे मेलबर्नला राहते. तिचा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. त्याचे मराठी बोलणे ठीकठाक, वाचणे यथातथाच. पण दरवर्षी उन्हाळ्यात (म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, आपल्या डिसेंबर-जानेवारीत) तो मला न चुकता एक यादी पाठवतो. ‘मावशी, पुढच्या हंगामात यांच्यावर लक्ष ठेव.’ खाली दहा नावे. सगळी अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलांची, आणि सगळी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळणाऱ्या. प्रारंभी मी मावशीच्या कर्तव्यबुद्धीने त्या याद्या वाचत असे. पुढे तिथल्या वर्तमानपत्रांतल्या याद्याही वाचू लागले. मग या लेखनप्रकारातच मला रस वाटू लागला, कारण त्यातली भाषा माझ्या फार ओळखीची होती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंचे दोन संघ, लांबट चेंडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू धाडला की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू हातात घेऊन पळता येते, मुठीने ठोसून सोबत्याकडे देता येतो, फेकता मात्र येत नाही. लाथाडलेला चेंडू वरच्या वर झेलला की झेलणाऱ्याला निवांतपणे पुढची लाथ मारण्याचा हक्क मिळतो, आणि हा झेल घेण्यासाठी खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर गुडघा रोवून वर उडतात. खेळाचे लिखित नियम १८५९चे, मेलबर्नमधले. त्यांमागचा एक प्रमुख माणूस टॉम विल्स हा मुळात क्रिकेटपटू; हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आखडू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असे त्याने १८५८ साली जाहीर पत्र लिहून सुचवले होते. क्रिकेटवेड्या महाराष्ट्राला हा खेळ तसा चुलत नात्यातलाच म्हणायचा.

आता त्या याद्यांची भाषा. ‘पदार्पणातच लक्ष वेधून घेतले’, ‘अपेक्षा उंचावल्या’, ‘पुढील वाटचालीकडे साऱ्यांचे लक्ष’. मराठीत पहिल्या कवितासंग्रहाचे परीक्षण ज्यांनी लिहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे या साऱ्याचा अर्क एका शब्दात उतरतो: आश्वासक. हा शब्द मी स्वतः किती वेळा वापरला आहे याची मोजदाद नाही. त्यांपैकी एका संग्रहाचा कवी पुढे मला एका लग्नात भेटला. त्याने दुसरा संग्रह काढलाच नव्हता. ‘तुम्ही आश्वासक म्हणालात, मग मला काही सुचेचना,’ असे तो हसत हसत म्हणाला. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शब्दाच्या मुळाशी ‘श्वस्’ हा धातू आहे. आश्वास म्हणजे मोकळा घेतलेला श्वास. आश्वासक तो, जो दुसऱ्याला असा श्वास घेऊ देतो. म्हणजे नीट पाहिले तर हा शब्द त्या मुलाविषयी काही सांगतच नाही. तो सांगतो आपल्याविषयी: कोणाचा तरी श्वास कोंडला आहे आणि तो सुटण्यासाठी एक अठरा वर्षांचा मुलगा हवा आहे.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये ही गोष्ट नियमानेच घडवून आणलेली आहे. १९८६पासून तिथे नव्या खेळाडूंची राष्ट्रीय निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. सरलेल्या हंगामात जो संघ तळाला असेल त्याला पहिली निवड, त्यावरच्याला दुसरी, अशी ही उलटी पंगत. हेतू चांगला, सगळे संघ तुल्यबळ व्हावेत. परंतु परिणाम असा, की देशातला सर्वांत गुणी म्हणून गणला गेलेला मुलगा नेमका सर्वांत दुबळ्या संघात, बहुधा घरापासून फार लांब, जाऊन पडतो. एरवी ज्याला हुशार मोठ्यांच्या सावलीत शिकायचे असते, त्याला तिथे आल्या दिवसापासून सावली व्हावे लागते. आणि दोन वर्षांनी आपण विचारतो, याचे काय झाले?

पर्थ शहरात सध्या दोन रीड खेळतात. त्यांचे एकमेकांशी नाते नाही, पण माझ्या म्हणण्याला यांच्याहून बरे उदाहरण मला मिळणार नाही. हार्ली रीड हा व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तरेकडील टोंगाला या छोट्या गावचा, दूधदुभत्याच्या मुलखातला. २०२३च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. तो वेस्ट कोस्ट संघात गेला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. निवड होण्याआधीच त्याचे नाव घरोघरी झाले होते. २०२४ साली पर्थच्या दोन संघांमधल्या सामन्यात त्याने अंगावर येणाऱ्याला एका हाताने दूर लोटत, धावत जाऊन केलेला गोल मी भाच्याच्या कृपेने अनेकदा पाहिला आहे. त्यात एक रानटी आनंद आहे. त्याच वर्षी एका धोकादायक टॅकलबद्दल त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली, आणि बंदी आलेल्याला ‘रायझिंग स्टार’ हा वर्षातल्या उत्तम तरुण खेळाडूचा पुरस्कार मिळू शकत नाही, असा नियम असल्याने तोही हुकला. (तो मिळाला जीलाँगच्या ऑली डेम्प्सीला, जो मुख्य ड्राफ्टमधून आलाच नव्हता, रूकी म्हणून मागच्या दाराने आला होता.) २०२५मध्ये वेस्ट कोस्टने तेवीस सामन्यांपैकी एक जिंकला. एक! आणि वर्षभर चर्चा कशाची, तर हार्ली घरी परत जाणार का याची. त्याने अखेर पर्थमध्येच राहण्याचा करार वाढवला. वीस वर्षांच्या मुलाने हरणाऱ्या संघात राहायचे ठरवले ही मला त्या गोलाहून मोठी गोष्ट वाटते. तिची आकडेवारी मात्र कोणी ठेवत नाही.

दुसरा मर्फी रीड. हाही व्हिक्टोरियाचाच. २०२४च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी सोळा नावे पुकारली गेली. तो फ्रीमँटलमध्ये गेला. हा संघ चांगला होता, २०२५मध्ये बाद फेरीत पोचला. कोणी त्याच्याकडून मोक्ष मागितला नव्हता. त्याच्या वाट्याला आलेले काम नेमके होते, आजूबाजूला जाणती माणसे होती, आणि वर्षअखेरीस ‘रायझिंग स्टार’ त्याच्या हाती होता. मर्फी गुणी नाही असे मला मुळीच म्हणायचे नाही. गर्दीत सापडलेला चेंडू अर्ध्या क्षणात योग्य माणसाकडे देण्याची त्याची समज पाहण्यासारखी आहे. परंतु हे दोन रीड आपापल्या संघांची अदलाबदल करून उतरले असते तर याद्यांमधली विशेषणे कुठे गेली असती, हा प्रश्न यादी करणारे विचारत नाहीत.

या प्रश्नाचे जुने उत्तर जॅक वॉट्स नावाने उपलब्ध आहे. २००८ची पहिली निवड, संघ मेलबर्न, तेव्हाचा तळाचा. जून २००९मध्ये, शाळेच्या शेवटच्या वर्गात असतानाच, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीतल्या मोठ्या सामन्यात त्याला कॉलिंगवूडविरुद्ध उतरवले गेले. चेंडू हाती येताच प्रतिस्पर्धी संघाचे तिघे त्याच्यावर तुटून पडले. ते दृश्य पुढे दहा वर्षे त्याच्यामागे हिंडत राहिले. त्याच्यानंतर निवडलेला निक नायटानुई किती उंच उडतो हे प्रत्येक वर्षी मोजले गेले आणि ते वॉट्सच्या खात्यावर उधारी म्हणून मांडले गेले. वॉट्स दीडशेहून अधिक सामने खेळला. २०१७ साली, त्याच सुट्टीतल्या त्याच कॉलिंगवूडविरुद्धच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटांत त्याने विजयी गोल केला. एखाद्या कादंबरीकाराने असा योग जुळवला असता तर मी परीक्षणात ‘कृत्रिम’ म्हणून खूण केली असती. तरीही वॉट्सचे नाव निघाले की आजही पहिला शब्द येतो तो ‘निराशा’.

पॅडी मकार्टिनविषयी लिहिताना हात थोडा थबकतो. २०१४ची पहिली निवड, सेंट किल्डा संघ. त्याच्या डोक्याला एकामागून एक इतके आघात झाले की २०१९मध्ये संघाने त्याला मोकळे केले. तो २०२२मध्ये सिडनीकडून परतला, धाकट्या भावाच्या जोडीने अंतिम सामना खेळला. एप्रिल २०२३मध्ये पुन्हा डोक्याला मार बसला आणि त्यानंतर तो खेळला नाही. त्याच्या पाठोपाठ निवडलेला ख्रिश्चन पेट्राका २०२१च्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणून सेंट किल्डाच्या निवडीची थट्टा अजून होते. मेंदूच्या दुखापतीचे भाकीत कोणत्या यादीत मांडायचे असते? हार्ली रीडवर आलेली बंदी कडक वाटते, परंतु टॅकलविषयीचे आजचे कठोर नियम मकार्टिनसारख्यांच्या डोक्यांच्या किमतीवर आलेले आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

याउलट अ‍ॅशक्रॉफ्टांचे घर. वडील मार्कस २००१, २००२ आणि २००३ या तिन्ही वर्षी ब्रिस्बेनच्या विजेत्या संघात होते. वडील एखाद्या क्लबकडून शंभर सामने खेळले असतील तर मुलावर त्या क्लबचा अग्रहक्क, असा तिथे नियम आहे (आपल्याकडील काही घराण्यांना हा नियम फार आवडेल). त्यामुळे थोरला विल आणि धाकटा लीव्हाय दोघेही ब्रिस्बेनला गेले, तळाच्या संघात नव्हे तर शिखरावरच्या. विलच्या गुडघ्याचा अस्थिबंध जुलै २०२३मध्ये तुटला. वर्षभराने तो परतला आणि २०२४ व २०२५ या दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडू ठरला. लीव्हाय पहिल्याच हंगामात, २०२५मध्ये, विजेता झाला. या मुलांची गुणवत्ता अस्सल आहे. पण ती रुजली ती नांगरलेल्या जमिनीत.

तर मग लक्ष कोणावर ठेवायचे? भाच्याने विचारले की काहीतरी सांगावे लागते, आणि केवळ शंका घेऊन समीक्षकाची सुटका होत नाही. २०२५च्या हंगामापर्यंतचा हिशेब धरून सांगते. त्या वर्षअखेरच्या ड्राफ्टची पहिली निवड पुन्हा वेस्ट कोस्टकडेच होती आणि त्यांनी विलेम दुर्समाला घेतले. त्याचे दोन भाऊ आणि बहीण याच खेळात व्यावसायिक आहेत, त्यामुळे हरल्यानंतर घरी फोन केला तर पलीकडे समजणारे माणूस असेल. मला त्याचे गोल मोजायचे नाहीत. संघ दहा गोलांनी मागे असताना शेवटच्या पावतासात तो कुठे पळतो, हे पाहायचे आहे. रिचमंडचा सॅम लॉलर, २०२४ची पहिली निवड, दुखापतींमुळे २०२५चा बराच भाग बाहेर होता. त्याच्याबद्दल कोणतेही मत घाईचे ठरेल. हार्ली रीडचे मात्र आता ‘आश्वासक’ हे विशेषण काढून घ्यायला हवे. तो खेळाडू आहे, त्याला खेळाडू म्हणूनच जोखावे.

माझे स्वतःचे मन गुंतले आहे ते जॅगा स्मिथमध्ये. २०२४च्या ड्राफ्टमधली तिसरी निवड, अंगापिंडाने लहान, चेंडू जिथे असेल तिथे आधीच पोचलेला. फेब्रुवारी २०२५मध्ये, हंगाम सुरू होण्यापूर्वीच, त्याच्या गुडघ्याचा तोच अस्थिबंध तुटला. एकही सामना न खेळता अख्खे वर्ष गेले. त्या वर्षी त्याने काय केले असेल? सकाळी व्यायामशाळा, दुपारी बर्फ, शनिवारी प्रेक्षकांत बसून इतरांचा खेळ पाहणे. त्याच्याच तुकडीतले लीव्हाय आणि मर्फी पदके घेत असताना हा टाळ्या वाजवत होता. लिहिणाऱ्याला असे एक वर्ष मिळाले तर आपण त्याला ‘मौनाचा काळ’ असे भारदस्त नाव देतो. खेळाडूला तसले नाव कोणी देत नाही, यादीत फक्त ‘दुखापतीतून परतणारा’ असे दोन शब्द येतात. असा मुलगा पहिल्यांदा गर्दीत चेंडूवर वाकतो तेव्हा गुडघ्याचा विचार करतो की चेंडूचा, हे मला पाहायचे आहे, आणि त्यासाठी एका हंगामाची घाई नाही. ‘रायझिंग स्टार’चे नियम तेवढा धीर धरत नाहीत. वर्षारंभी एकवीस वर्षांच्या आत आणि फार तर दहा सामने खेळलेला, एवढ्याच चौकटीत ते बघतात. आपल्याला ती चौकट पाळण्याचे बंधन नाही.

हे सगळे मी भाच्याला सोप्या मराठीत लिहून पाठवले. श्वस् धातू वगळला. त्याचे उत्तर लगेच आले. ‘मावशी, बाकी सगळं ठीक, पण जॅगा कार्लटनचा आहे. आपण कॉलिंगवूडवाले. त्याला आपण नाही बघायचं.’