बेस वाढवायचा, आवाज नाही

मिरवणुकांचे दिवस संपले, की सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात तरुणांची गर्दी होते. कानाला दडा बसलाय, आत शिट्टी वाजतेय, अशी तक्रार असते. बहुतेकांना चार दिवसांत बरे वाटते, काहींची शिट्टी मात्र कायमची राहते. मग ‘डीजे बंद करा’ आणि ‘आमच्याच सणांवर का?’ हा वाद रंगतो. या वादात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही: छातीत घुमणारा बेस मुळात तयार कसा होतो? त्याचे उत्तर कळले, तर सणही राहील आणि कानही.

डीजेच्या गाण्यातला बेस म्हणजे साधारण ४० ते १२० हर्ट्झमधला खर्ज. आपला कान या पट्ट्यात मंद असतो. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला ७० डेसिबलहून जास्त पातळी लागते. म्हणून डीजेवाला स्पीकरची भिंत उभारतो. पण दणदणीत खर्ज वरच्या स्वरांना झाकून टाकतो. गाण्याचे शब्द ऐकू येईनात, की तेही वाढवले जातात. खरा घात इथे होतो. ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात आतला कान सर्वांत आधी दुखावतो. प्रत्येक कानात जन्मतः सुमारे १५ हजार केशपेशी असतात आणि मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबल आठ तास सहन करता येतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटे उरते.

चांगले संगीतकार हा पेच ताकदीने नाही, युक्तीने सोडवतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ५० हर्ट्झचा सूर जवळजवळ निघतच नाही, तरी बेसची चाल आपल्याला ओळखू येते. कारण १००, १५०, २०० हर्ट्झचे उपस्वर कानावर पडले, की नसलेला मूळ खर्ज मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणून जाणकार बेसमध्ये असे उपस्वर मिसळतात. दुसरी युक्ती जागा देण्याची. ढोलासारखा ‘किक’चा ठोका पडतो, त्या क्षणी बेस किंचित दबवायचा. पातळी न वाढवता ठोका ठसठशीत वाटतो. तिसरी युक्ती फिल्टरची. रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे १९८१ मधले छोटे बेसयंत्र. त्याची जादू स्वर उघडण्या-मिटण्यात होती. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच यंत्राच्या साथीने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. भिंत लागली नाही.

आपला कायदाही इथे कमी पडतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण मोजणी ‘ए’ मापाने होते. हे माप ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करते. कानाच्या इजेचा अंदाज घ्यायला ते ठीक आहे. पण खर्जाची लहर सात मीटर लांब असते, ती भिंतीतून आरपार जाते आणि शेजारच्या आजारी म्हाताऱ्याची झोप उडवते. हा त्रास मीटरवर नीट दिसतच नाही. खर्ज जवळजवळ पूर्ण मोजणारे ‘सी’ माप उपलब्ध आहे. फ्रान्सने २०१७ मध्ये संगीत कार्यक्रमांसाठी दोन्ही मर्यादा घातल्या: १५ मिनिटांच्या सरासरीने ‘ए’ मापात १०२ आणि ‘सी’ मापात ११८. त्यांचे आकडे आपल्या गल्लीबोळांसाठी फार सैल आहेत, पण दोन मापांची पद्धत घेण्यासारखी आहे.

म्हणून माझे मत असे. पोलिसांनी ‘सी’ मापही नोंदवावे. मंडळांनी सुपारी देताना किती स्पीकर आणणार हे न विचारता, बेस कोण आणि कसा बांधणार हे विचारावे. डीजेवाल्या पोरांनी स्वतःच्या कानात इअरप्लग घालावेत. भिंतीच्या सर्वांत जवळ, सर्वांत जास्त वेळ तेच उभे असतात आणि त्यांचे पोट त्याच कानांवर चालते. बाकीच्यांनी तान्ही मुले घेऊन भिंतीजवळ जाऊ नये. मिरवणुकीनंतर कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कान दाखवावा.