डबा, कोठी आणि पेव

मुलांना संगणकाची साठवण शिकवताना आपण दोनच कप्पे सांगतो. ऑनलाइन म्हणजे क्लिक केलं की लगेच समोर. ऑफलाइन म्हणजे कपाटातली सीडी किंवा टेप, कुणी उठून आणून लावली तरच दिसणार. या दोघांच्या मध्ये निअरलाइन नावाचा एक कप्पा आहे, आणि माझ्या मते शाळांना खरी गरज त्याचीच आहे.

जुनं घर आठवा. रोजचं धान्य स्वयंपाकघरातल्या डब्यात, महिन्याचं माजघरातल्या कोठीत आणि वर्षांचं अंगणाखालच्या पेवात. पेव उघडायला माणसं लागायची. कोठीपर्यंत मात्र चार पावलं चाललं की झालं! मोठ्या संगणक केंद्रांत टेपच्या कॅसेट मांडणीत रांगेने ठेवलेल्या असतात. मागणी आली की यांत्रिक हात हवी ती कॅसेट काढून यंत्रात घालतो. थोडं थांबावं लागतं, पण माणूस लागत नाही. नुसत्या पडून असलेल्या कॅसेटला वीजही लागत नाही, म्हणून हे स्वस्त पडतं. गूगलने 2015 मध्ये याच नावाची सेवा काढली. तिथे ठेवण्याचे दर कमी, पण काढताना वेगळे पैसे आणि निदान 30 दिवसांचं भाडं.

आता आपल्याकडचं बघू. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरातल्यांनी उतरवून ठेवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये पुस्तक निघालं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रं जपली. आज मुलं आजीकडून अहिराणी गाणी फोनवर रेकॉर्ड करून आणतात. ती जातात कुठे? सरांच्या फोनमध्ये. फोन भरला की पुसली जातात, सरांची बदली झाली की त्यांच्याबरोबर तालुका सोडून जातात.

"क्लाउड आहे ना!" असं पालक म्हणतात. फुकटची जागा 15 जीबी, तीही एका माणसाच्या खात्यावर. दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल वैयक्तिक खातं काढून टाकू शकतं.

ऑफिसच्या संगणकाला एक जास्तीची हार्ड डिस्क कायम जोडलेली ठेवा. एरवी ती झोपलेली असते, फाइल मागितली की फिरू लागते. ही आपली कोठी. दुसरी प्रत कपाटात कुलपाखाली, ते पेव. आणि यादी कागदाच्या रजिस्टरात लिहा: गाणं, गाव, तारीख, आजीचं नाव. चार्ज देताना ते रजिस्टरही सही घेऊन द्यायचं, हजेरीपटासारखं.