मैंदर्गीला विचारून पाहा

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा 16 एप्रिल 2025 चा शासन निर्णय राज्यभर पेटला आणि जूनमधल्या सुधारित निर्णयासह तो 29 जूनला सरकारला गुंडाळावा लागला. सहा वर्षांच्या पोराला तीन भाषा झेपतील का, यावर त्या अडीच महिन्यांत बोलायचे कुणी बाकी राहिले नाही. सोलापूर जिल्ह्यात कर्नाटकच्या सीमेलगत, अक्कलकोटहून दुधनीला जाताना लागणाऱ्या मैंदर्गीकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही. या सीमापट्ट्यात कन्नड माध्यमात शिकणारे मूल पहिलीपासून कन्नड, मराठी आणि इंग्रजी शिकतेच आहे. अन्य माध्यमांच्या शाळांत तीन भाषा आधीच आहेत, असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. पण त्या मुलांचे कसे चालले आहे, याची चौकशी करावी असे सरकारला वाटले नाही.

घरात कन्नड, बाजारात दोन्ही, अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर मराठी, असे हे मूल वाढते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. त्यामुळे मराठीतल्या वस्तूंचे लिंग या मुलाला चकवते; ‘खुर्ची मोडला’ असे ते बिनदिक्कत म्हणते आणि ऐकणाऱ्याला ते नीट कळते. उत्तरपत्रिकेत मात्र त्यावर लाल फुली पडते. त्यातच राज्याच्या 2023 च्या नियमांनी पाचवीच्या वार्षिक परीक्षेला पुन्हा धार आली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, त्यातही घसरल्यास त्याच वर्गात मुक्काम. तिन्ही भाषांचे पेपर त्यात आहेत.

परीक्षेला आमचा विरोध नाही. वाचता न येणारे मूल आठवीपर्यंत ढकलत नेणे ही दया नव्हे, कामचुकारपणा आहे. पण नियतकालिक चाचण्यांचे गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये भरता भरता गुरुजींची संध्याकाळ जाते. कोणते मूल कुठे अडले आणि उद्या काय शिकवायचे, हे त्यातून वर्गात परत येत नसेल तर ती नुसती खानेसुमारी ठरते. मराठी ज्याची दुसरी भाषा आहे, त्याची मराठी दुसऱ्या भाषेच्याच मापाने तपासायला हवी.

दुखणे शिक्षकांपाशीही आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याची ओरड 2024 मध्ये झाली होती. शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता पट मोजते. समोर उभा राहणारा शिक्षक मुलाची भाषा जाणतो का, हे पटावर दिसत नाही. शक्यतो मातृभाषेतून शिक्षण द्यावे, हे शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक बसवले, शाळा विकास आराखडा त्यांच्या हाती दिला. शिक्षक मागण्याचा अधिकार मात्र आराखड्यातल्या एका ओळीपुरताच. मंजुरी वरून येते, कधी येतही नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी अक्कलकोटवर हक्क सांगितला, तेव्हा मुंबईत इंच इंच भूमीची भाषा सुरू झाली. त्या भूमीवरच्या शाळांसाठी इतकेच करावे: कन्नड माध्यमाच्या रिक्त जागा त्याच माध्यमाच्या उमेदवारांतून भराव्यात, आणि भाषा धोरण ठरवणाऱ्यांनी त्रिभाषेचा निवाडा करण्याआधी मैंदर्गीच्या शिक्षकांना व पालकांना समोर बसवून, पाचवीच्या उत्तरपत्रिका उघडून पाहाव्यात.