उंटावरून शेळ्या हाकू नका!

वाळवंट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वाळू, वाळू आणि आणखी वाळू! फार तर लांबवर एखादा उंट. म्हणजे थोडक्यात, काहीच नाही. सरकारच्या 'वेस्टलँड अ‍ॅटलस'मध्येही वाळवंटी वाळूची जमीन चक्क पडीक म्हणून मोजली जाते. माझं म्हणणं असं की ही समजूत साफ चुकीची आहे, आणि ती आपल्यासारख्या होऊ घातलेल्या इंजिनिअर्सनी बाळगणं तर फारच महागात पडेल.

आधी आपल्याच देशातल्या थर वाळवंटातली मंडळी बघू. सुरुवात अर्थात उंटापासून. उंटाच्या मदारीत पाणी असतं असं अजूनही अनेकांना वाटतं. तिथे असते चरबी. उंटाची खरी करामत पाणी साठवण्यात नाही, ते वाचवण्यात आहे. आपल्याला थोडा ताप आला की आपण मेसला दांडी मारून झोपतो. तहानलेल्या उंटाचं तापमान मात्र पहाटे ३४ अंशांच्या आसपास असतं आणि दुपारी ४० च्या वर जातं, आणि तो मजेत चालत असतो! दिवसाची उष्णता अंगात साठवायची आणि थंड रात्री सोडून द्यायची, म्हणजे घाम गाळावा लागत नाही. शिवाय त्याचं नाक म्हणजे एक हीट एक्स्चेंजरच. बाहेर पडणाऱ्या श्वासातली वाफ ते परत मिळवतं. आणि पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर फस्त!

दुसरी खेजडी, म्हणजे आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी. मुळं पाण्याच्या शोधात वीस-तीस मीटर खोल जातात. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात सगळं करपलेलं असताना हिला नवी पालवी फुटते. तिचा पाला शेळ्या आणि उंट खातात, सांगरीच्या शेंगांची माणसं भाजी करतात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात हीच झाडं वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई लोकांनी प्राण दिले. 'पडीक' जमिनीवरच्या झाडासाठी कोणी जीव देतं का?

तिसरा सांडा नावाचा सरडा. हा चक्क शाकाहारी! सकाळी अंग गडद करून ऊन खातो, तापलं की रंग फिका करतो आणि बिळात शिरून आतून तोंड बुजवून टाकतो. एसी नाही, पंखा नाही, लाइट बिल नाही.

सांगायचा मुद्दा असा की तिथे रिकामं काही नाही. आपल्या हॉस्टेलसारखीच प्रत्येक खोली कोणाला तरी अलॉट झालेली आहे. फक्त दारावर नावाची पाटी नाही, एवढंच.

आता आपण येतो. थरमध्ये ऊन भरपूर आणि जमीन 'रिकामी', म्हणून तिथे सौरऊर्जेचे मोठमोठे प्रकल्प उभे राहिले. फलोदीजवळचा भादला सोलर पार्क तब्बल २२४५ मेगावॅटचा आहे. गैरसमज नको, मी सौरऊर्जेच्या विरोधात अजिबात नाही. कोळसा जाळण्यापेक्षा ती शतपटीने बरी. पण वीज तयार झाली की ती न्यायला तारा लागतात, आणि त्या तारांच्या वाटेत येतो माळढोक.

हा पक्षी एके काळी आपल्या सोलापूरच्या नान्नजमध्येही बऱ्यापैकी दिसायचा. आज जगात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, आणि त्यातले बहुतेक थरमध्ये. वजन पंधरा किलोपर्यंत, डोळे बाजूला, त्यामुळे उडताना समोरचं नीट दिसत नाही. तार दिसते तेव्हा वळायला वेळ उरत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमध्ये वर्षाला साधारण १८ माळढोक तारांमुळे मरतात. आणि मादी एका खेपेला सहसा एकच अंडं घालते! करा हिशोब.

२०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. मोठ्या व्होल्टेजच्या तारा सरसकट पुरणं शक्य नाही असं सरकारने म्हटल्यावर २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. इलेक्ट्रिकलवाल्यांना ती अडचण कळेल. पण हा प्रश्न शेवटी कोर्टात का जावा? लाइनचा मार्ग आखतानाच तो ड्रॉइंग बोर्डवर का सुटू नये? भादल्यात पाणी कमी म्हणून पॅनेल पुसायला पाण्याशिवाय चालणारे रोबोट आणलेच ना आपण? म्हणजे मनात आलं की आपल्याला जमतं.

उंट, खेजडी, सांडा, माळढोक या सगळ्यांनी उन्हाशी आणि तहानेशी जुळवून घेतलं, पण त्यासाठी त्यांना लाखो वर्षं मिळाली. तारांशी जुळवून घ्यायला आपण त्यांना काही दशकं दिली. ती त्यांना पुरणार नाहीत. आता जुळवून घ्यायची पाळी आपली आहे, कारण आपल्याला फक्त एक डिझाइन बदलावं लागतं.

कॅम्पसमधून आपल्यापैकी कोणी ना कोणी उद्या अशाच एखाद्या प्रकल्पावर जाईल. साइटचा नकाशा समोर येईल, त्यावर 'पडीक' असं लिहिलेलं असेल. तेव्हा एसी ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. सही करण्याआधी एकदा तिथे जा, आणि गावातल्या एखाद्या गुराख्याला विचारा, "काका, इथे कोण कोण राहतं?"