सात घरे फिरण्यापेक्षा एका घरी सगळे जमूया



दिवाळी झाली की गावाकडच्या घरांत एकच विषय असतो. पुण्या-मुंबईची मुले कधी येणार? त्यातून घरात पहिले नातवंड असेल तर सगळ्या भावकीचे डोळे वाटेकडे लागलेले असतात. बाळ बघायचे असते, उचलून घ्यायचे असते, हातावर पैसे ठेवायचे असतात. हे सगळे प्रेमच आहे. पण त्या प्रेमापायी वर्षा-दीड वर्षाच्या लेकराचे आणि त्याच्या आईचे दोन दिवस कसे जातात, याचा विचार आपण मोठ्या बायकांनी करायला हवा.

मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून आधी हिशेब मांडते. पुण्याहून शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गावी यायला गाडीने पाच-सहा तास लागतात. शनिवारी पहाटे निघालेली मंडळी दुपारी बाराला पोचली आणि रविवारी चारला परत निघाली, तर हाती राहिले 28 तास. रात्रीचे 10 वजा करा, राहिले 18. बाळाची आंघोळ, खाणे, दुपारची झोप यांचे दोन दिवसांचे मिळून 6 तास काढा, उरले 12. आता काका, मोठे काका, दोन आत्या, चुलत सासरे, मावशी आणि शेजारची जुनी ओळख, अशी सात घरे धरा. कपडे बदलून निघणे आणि बसणे मिळून घरटी दीड तास, म्हणजे साडेदहा तास झाले. ज्या आजी-आजोबांसाठी एवढा प्रवास केला, त्यांच्या वाट्याला दीड तास उरला! त्यात सुनेचे माहेर वीस किलोमीटरवर असेल तर तिथे "जाता जाता डोकावून" जायचे. या ताळेबंदात नफा कुणाचा, ते तुम्हीच सांगा.

कुणी म्हणेल, आमच्या वेळी नव्हतो का लेकरे घेऊन घरोघर जात? जात होतो. पण तेव्हा मे महिन्यात महिनाभर आजोळी मुक्काम असे. पहिले चार दिवस लेकरू आईचा पदर सोडत नसे, पाचव्या दिवशी मामीच्या कडेवर बसे आणि दहाव्या दिवशी शेजारच्या घरी आपण होऊन जाई. घरोघर जाण्याची ती रीत महिनाभराच्या मुक्कामाची होती. मुक्काम दोन दिवसांवर आला, रीत मात्र आपण तशीच ठेवली. अडचण आहे ती इथे, आजकालच्या मुलींत नव्हे.

बाळाची बाजूही बघा. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून लेकराला अनोळखी माणसाची भीती वाटू लागते. तो वाढीचाच भाग आहे, हट्ट नव्हे आणि आईची चूकही नव्हे. तरी आपण काय करतो? रडणारे बाळ या हातातून त्या हातात देतो. वर "माणसांची सवय लावली नाही" असे सुनेला ऐकवतो. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघून चालणारी आपण माणसे. आपल्याच घरातल्या जिवाला दहा मिनिटे रडवताना आपल्याला काही वाटू नये? बाळाला आईच्या मांडीवर बसू द्यावे, समोर वाटी-चमचा ठेवावा आणि आपण आपल्या गप्पा माराव्यात. ते आपण होऊन सरकत येते.

खाण्याचेही तेच. प्रत्येक घरी "एक घास तरी" म्हणून काहीतरी तोंडात घातले जाते आणि रात्री पोट बिघडते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, घुटी नको आणि वरचे पाणीसुद्धा नको, असेच डॉक्टर सांगतात. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको म्हणतात, आणि आपल्याला तो तसाही वर्ज्य आहे. थोड्या मोठ्या बाळाला मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, केळे एवढे पुरते. त्याची आई जे देते तेच आणि तेवढेच द्यावे.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगते. बाळ घेऊन आलेल्या मुलांनी घरोघर फिरू नये, भावकीने एका घरी जमावे. शनिवारी बाळाची झोप झाली की चारच्या सुमारास सगळ्यांना बोलवा. प्रत्येकीने एकेक पदार्थ आणावा म्हणजे एकटीवर भार नको. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, त्याआधी जेवणे उरकतात. सूर्यास्ताआधी जेवायची आपली रीत लहान मुलांच्या घराला किती सोयीची आहे! बाळ साडेसातला झोपू शकते. मात्र जेवणे लवकर उरकून रात्री दहापर्यंत दिवाणखान्यात बैठक रंगली, तर तो फायदा हातचा गेला. दिवे लागले की पाहुण्यांनी उठावे. अंथरुणाला खिळलेले कुणी असेल, तर त्यांच्या घरी तेवढे अर्धा तास जाऊन यावे. सकाळी मंदिरात दर्शन घ्यावे, बाळाच्या कपाळी गंधोदक लावावे. नंतरचा दिवस सुनेच्या माहेरचा, आणि तोही घाईचा नको.

प्रवासाचेही दोन शब्द सांगते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कित्येकींना मागे दिवे नसतात. म्हणून मुलांना रात्री निघायचा आग्रह करू नका. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. रात्रीची गाडी असेल तर पूर्ण भाडे भरून वेगळा बर्थ घ्यावा, तिथे पैसे वाचवू नयेत. गाळून उकळलेले पाणी थर्मासमध्ये बरोबर असू द्यावे.

आता खरा अवघड भाग. "आमच्या उंबऱ्याला पाय लागले नाहीत" असे कुणीतरी म्हणणारच. हा वाईटपणा सुनेच्या माथी येता कामा नये. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून ती सात घरे फिरते आणि पुढच्या वेळी "बाळ जरा मोठे झाले की येऊ" म्हणते. त्यात दोन-तीन वर्षे जातात. ऐंशीच्या घरातल्या पणजीकडे तेवढी वर्षे असतीलच असे नाही. म्हणून घरातल्या मोठ्या बाईने आठवडाभर आधी स्वतः फोन करावेत. "मुले कुणाकडे येणार नाहीत, तुम्ही सगळे आमच्याकडे या, हे मी ठरवले आहे," असे सरळ सांगावे. सासू बोलली की भावकी ऐकते. राग आला तरी तो सासूवर येतो, आणि एवढ्या वर्षांत आपण भावकीचे पुष्कळ रागलोभ पचवलेले आहेत.

नाताळच्या सुट्टीत मुले येणार असतील तर हे फोन आत्ताच करून ठेवा.